उघाडी बंद आहे

माझं आणि नवऱ्याचं सगळ्यात जुनं भांडण व्हिडिओ गेमवरून आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. त्याला मारामारी हवी असते. गेममधली माणसं बोलायला लागली की तो बटण दाबून त्यांना गप्प करतो आणि पुढे पळतो. मी नेमकी उलटी. कोणाची बहीण कुठे हरवली, कोण कोणावर का रुसलं, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मारामारी आली की ती मी भांडी घासल्यासारखी उरकते. तो म्हणतो, गोष्टच हवी तर पुस्तक वाच. मी म्हणते, नुसतं बडवायचंच असेल तर गच्चीवर गाद्या वाळत घातल्यात, काठी घे आणि जा. दोघंही चाळिशी ओलांडलेली माणसं, पण या विषयावर आम्ही शाळेतल्या पोरांसारखे भांडतो.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझी आई गेली. मी एकुलती एक. गावातलं घर रिकामं झालं आणि बाबांनी जेवण सोडल्यासारखं केलं, म्हणून मी त्यांना आमच्या नायगावच्या फ्लॅटवर घेऊन आले. त्यांना यायचं नव्हतं. लेकीच्या घरी जाऊन राहायचं हे आमच्या गावात अजून लोकांना पचत नाही, आणि बाबांना तर मुळीच नाही. मी रडले, रागावले, शेवटी त्यांचे कपडे पिशवीत कोंबले आणि त्यांना रिक्षात बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "मी उद्या घरा जातंय."

"कशाला जातोस? तिकडे कोण आहे तुझं?" मी म्हटलं. आमच्याकडे बापाला 'तू' म्हणतात. लिहिताना मात्र हात आपोआप 'बाबा म्हणाले' असं लिहितो, ते शाळेनं लावलेलं वळण.

हा 'उद्या' मग रोजचा झाला. ते तो कुरकुर न करता म्हणायचे, आणि मी रोज काहीतरी कारण काढून तो पुढे ढकलायची. आई गेली ती गेलीच. आता हा माणूसही त्या घरात एकटा भिंतीकडे बघत बसला असता. मला ते सोसणार नव्हतं. काहीही करून त्यांना इथेच ठेवायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

ते दिवसभर गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून असायचे. आमची इमारत उंच आहे आणि गॅलरी खाडीकडे आहे. खाली तिवरांचं हिरवं, त्यापलीकडे मिठागरांचे चौकोन, आणि हवा स्वच्छ असली की त्याच्याही पलीकडे एक बारीक काळी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे आमच्या गावचा बांध. बांधाच्या एका अंगाला भरतीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती. मध्ये एक लाकडी दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला ते उघडायचं म्हणजे शेतात साठलेलं पावसाचं पाणी निघून जातं. भरती चढायच्या आत बंद करायचं. गावात त्याची पाळी ठरलेली असायची. बाबा दुसऱ्यांच्या पाळ्यासुद्धा हौसेनं करायचे, आणि आई त्यावरून त्यांना चिडवायची की लग्न माझ्याशी केलंत का त्या दाराशी.

एका रविवारी दुपारी मी हॉलमध्ये गेम लावून बसले होते. मन कशात लागत नव्हतं. गोष्ट अशी होती की एक बाई लढाईवरून आपल्या मुलखात परत येते, हातात भाला, आणि हरवलेल्या थोरल्या बहिणीला शोधत गावोगाव फिरते. मुलूख नदीच्या मुखाशी होता. सगळीकडे पाणी, धुकं, भाताची खाचरं. बाबा पाणी प्यायला आत आले आणि तांब्या हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"ही कोनाची?"

"सैनिक आहे. घरी परत आलीय."

"नं घर कुटं हिचं?"

"जळलंय. बहीण कुठे गेली ते शोधतेय."

बाबा सोफ्याच्या कडेला टेकले, परक्याच्या घरी टेकावं तसे. पडद्यावरची माणसं इंग्रजीत बोलत होती आणि मी ते बाबांना सांगत होते. सुरुवातीला आपलं ऑफिसातलं मराठी. पण एक म्हातारी कुंभारीण त्या बाईला विचारते की तू जेवलीस का, तिथे माझ्या तोंडून आपसूक आलं, "जेवलीस का गो बाय?" आणि मग सुटलेच मी. जकात घेणारा शिपाई, होडीवाला, शत्रूचा सरदार, सगळे आमच्या गावच्या बोलीत बोलायला लागले. सरदार तर आमच्याकडे हळदीत दारू पिऊन भांडण काढणारे काका असतात ना, थेट तसा झाला. स्वयंपाकघरातून नवरा हसायला लागला. आणि बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

त्या रात्री जेवताना ते 'उद्या' म्हणाले नाहीत.

मग आमचं ठरूनच गेलं. मी ऑफिसातून यायची, हातपाय धुवायची, देवाजवळ दिवा लावायची, तिघांचा चहा व्हायचा आणि बाबा स्वतःच म्हणायचे, "लाव तुझ्या बायला." त्या संध्याकाळी आठवल्या की मला अजून सगळं थोडं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसतं. लाइट न लावलेला हॉल, गॅलरीच्या उघड्या दारातून येणारा चिखलाचा आणि मिठाचा वास, बाहेर खाडीवर उतरलेला तांबूस उजेड आणि आत पडद्यावरच्या खाचरांतही तोच. डोळे जड झाले की कळायचं नाही बगळा कुठला उडाला, इथला की तिथला. मी आमच्या बोलीत बोलत राहायची. आई गेल्यावर ती बोली बोलायला मला कोणी उरलंच नव्हतं, हे मला बोलताना कळायचं. मग त्या सरदारालाही उगीच दाटल्या आवाजात धमक्या द्याव्या लागायच्या.

त्या गेममध्ये पाणी चढायचं आणि उतरायचं. मला ते कधी दिसलंच नव्हतं. बाबांना दुसऱ्याच दिवशी दिसलं. एकदा ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आज अष्टमी, भांगाचं पानी. फार चढनार नाय. नं हिच्याकडं उधान कसं?" मी म्हटलं, गेम आहे बाबा, त्याला काय अमावास्या नं पुनव. त्यांनी थोडा विचार केला आणि निकाल दिला, "त्यांचं पंचांग वेगलं असंल." तेव्हापासून ते त्या मुलखाचं वेगळं पंचांग मनाशी मांडायला लागले आणि पाणी कधी चढेल ते मला आधी सांगायला लागले. बहुतेक वेळा बरोबर यायचं. चुकलं तर हसायचे.

पण गोष्ट पुढे सरकत होती. गेममध्ये एका कोपऱ्यात दिसतं की कथा किती झाली आणि किती राहिली. एके दिवशी मी तिकडे बघितलं आणि दचकले. बहीण आता सापडणार होती. बहीण सापडली की गोष्ट संपली, गोष्ट संपली की बाबा उठणार, खुंटीवरची पिशवी घेणार आणि 'चल, येतो' म्हणणार. याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

मग मी मारामारी सुरू केली.

मी, जिनं जन्मभर मारामारीला नाकं मुरडली, ती आता डुकरांच्या मागे भाला घेऊन रानोमाळ धावायला लागले. दरोडेखोरांचा जिथे पत्ता लागेल तिथे जाऊन त्यांना ठोकायला लागले. एका मनोऱ्यावर मी उगाचच चढले आणि उगाचच उतरले. गोष्ट जिथल्या तिथे राहावी म्हणून जे जे करता येईल ते सगळं केलं. नवरा खूश झाला. "शेवटी आलीस माझ्या पंथाला," म्हणून त्यानं माझ्यासमोर हात जोडले. दोन दिवस गेल्यावर मात्र त्यानं मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "मुद्दाम लांबवतेयस ना?" मी त्याच्यावर खेकसले. म्हटलं, मी तुझ्यासारखं खेळले तरी तुला त्रास. त्यानं माझ्या हातातली पोळी लाटायला घेतली. त्याच्या पोळ्या वाकड्या होतात.

बाबांना ते धावणं मानवलं नाही. ते जांभया द्यायचे, अध्येमध्ये गॅलरीत जाऊन यायचे. "ही नुसती मारते नं पलते," एकदा म्हणाले. "हिला भैनीची आठवन नाय का गो?"

"येते की. पण वाटेत कामं निघतात बाबा."

"हां," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी पडद्याकडे बघत राहिले.

शेवटी डुकरंही संपली. जाण्यासारखी एकच जागा उरली. मुलखाच्या खालच्या टोकाला, समुद्राच्या बाजूला, एक लांब मातीचा बांध होता आणि बांधात एक दार. अलीकडे हिरवीगार खाचरं, आणि खाचरांच्या मधोमध शत्रूची छावणी. बहीण त्या छावणीपलीकडच्या कोठडीत. एक म्हातारा बाईच्या हातात दाराची किल्ली देतो आणि सांगतो, भरती पुरी चढू दे, मग उघड. पडद्यावर बटणाचं चित्र आलं. मी अंगठा ठेवला.

"थांब," बाबा म्हणाले. "ती उघाडी हाय ना?"

"हो."

"नं ती भरतीला उघारनार?"

"त्यांना बुडवायचंय. पाणी आत आलं की छावणी बुडते, मग ही बहिणीला सोडवते."

"नं भात?"

मी बघितलं. भात पोटरीला आलेलं होतं, वाऱ्यावर हलत होतं. इतके दिवस ही गोष्ट मी अक्षर न् अक्षर ऐकत होते आणि त्या भाताचं काय होईल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी खारजमिनीच्या घरातली मुलगी. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी करते तेच केलं, चिडले. "चित्रातलं भात आहे बाबा!"

"खारं पानी हाय," बाबा म्हणाले. "नको दाबू."

नवरा टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आला. "दाब ना, पुढे काय जबरदस्त लढाई आहे." तो साताऱ्याकडचा, त्यांच्याकडे पाणी शेतात आलं तर आनंदच असतो.

"जावायबापू, तुमी बसा," बाबा म्हणाले. "तुमाला सांगतो."

आणि मग गप्प गप्प असलेला हा माणूस बोलायला लागला. त्यांचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. पावसाळ्यातलं मोठं उधाण, वरून वारा, आणि भर दुपारी उघाडीच्या शेजारी बांध फुटला. गावचे पुरुष बांधावर जमले. आधी कुठली बाजू धरायची, माती कुठून आणायची, चूक कोणाची, पाळी कोणाची होती, यावर बोलणं सुरू झालं. पाणी आत चाललेलं. तेवढ्यात माझी आई आली. नवी नवरी, अंगावरची हळद उतरली नव्हती, सासरी कोणाशी मान वर करून बोलली नव्हती. डोक्यावर चिखलाचं घमेलं. तिनं ते घमेलं भगदाडात ओतलं आणि सगळ्या वडीलधाऱ्यांच्या समोर म्हणाली, "बोलून पानी थांबतं का?"

"पयला शब्द तिचा गावात," बाबा म्हणाले. "मना पन तवर तिचा आवाज नीट म्हाईत नव्हता."

मग सगळे पाण्यात उतरले. बांध धरला, पण जे पाणी आत यायचं ते आलंच होतं. जमीन खारली. पुढे कितीतरी पावसाळे ती दोघं गोडं पाणी साठवून आणि सोडून ती जमीन धुत राहिली. मी जन्मले त्या साली पहिल्यांदा पोटभर भात झालं. "म्हनून तुझी आय तुना लक्ष्मी बोलायची," ते म्हणाले.

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मला माहीत असलेली आई हळू आवाजात बोलायची, भांडण झालं की भाजी निवडत बसायची. मी पडद्याकडे बघितलं तर ती भालेवाली बाई तशीच दाराशी उभी होती. मी अंगठा काढून घेतला. नवऱ्यानंही दाब म्हटलं नाही.

उघाडी उघडल्याशिवाय ती गोष्ट पुढे जात नाही. सगळं तिथेच थांबलं, आणि खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं. आता गोष्ट कधीच संपणार नव्हती. पण बाबा दुसऱ्या संध्याकाळी म्हणाले, "मना दे ते," आणि गेमचा रिमोट माझ्या हातून घेतला. त्यांच्या जाड अंगठ्याखाली ते बटण दिसेनासं झालं. बाई आधी दोन वेळा चिखलात पडली. मग त्यांना जमलं आणि ते तिला बांधावरून चालवायला लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत मागे. कुणाला मारायचं नव्हतं, कुणाला शोधायचं नव्हतं. धुकं, पाणी, लांब कुठेतरी टिटवी. ते मधेच थांबायचे आणि बांधाच्या पायथ्याशी निरखून बघायचे.

"काय बघतोस?"

"खेकड्याची बिलं. खेकड्यानं बील केलं नं कोनी बुजवलं नाय तं बांध गेलाच."

मी हसले. म्हटलं, बाबा, या गेममध्ये खेकडे नाहीत. "बरं हाय मग," ते म्हणाले, पण बघायचं काही थांबले नाहीत. रोज तेच. मी शेजारी बसून त्यांच्या अंगठ्याकडे बघायची. तो अंगठा मजेत नव्हता, कामावर होता. मला वाटायचं त्यांना मी गोष्टीनं धरून ठेवलंय. ते सगळा वेळ हाताला काम शोधत होते.

एका संध्याकाळी ते बाईला उघाडीशी आणून थांबले. "पुनवेला उधान हाय," म्हणाले. मी विचारलं, इथं का तिथं? "आपल्याकडं. आपली उघाडी कोन बघतं आता?"

मला माहीत नव्हतं. गावातली निम्मी जमीन पडीक, पोरं कामाला बाहेर, पाळीबिळी कधीच मोडली.

"खालची फली कुजलीय," बाबा म्हणाले. "तुझी आय बोललेली, बदल म्हनून. मग ती आजारी परली."

"मी कोणालातरी सांगते ना. फोन करते, माणूस पाठवते—"

"बोलून पानी थांबतं का गो बाय?"

ते हे रागानं म्हणाले नाहीत, हसून म्हणाले, आणि मला रडू फुटलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एक कुजकी फळी त्यांना माझ्याहून जवळची होती. मी तसं तोंडावर म्हणाले. बाबांनी रिमोट बाजूला ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. फळीबद्दल माघार घेतली नाही.

पुनवेच्या आधीच्या शनिवारी आम्ही तिघं गेलो. लाकडाच्या वखारीतून फळी घेतली, ती रिक्षातून आडवी बाहेर आलेली, नवरा तिला मिठी मारून बसला होता. ओहोटीच्या वेळी बाबा उघाडीत उतरले. मी बांधावर उभी राहून 'जपून, जपून' करत होते, तेवढ्यात माझ्या कानात आईचा तो आवाज आला, जो मी कधी ऐकलाच नव्हता. मी साडी खोचली आणि गुडघाभर चिखलात उतरले. चिखल थंड आणि मऊ होता. मी हातानं माती काढून द्यायची, नवरा ठोकायचा, बाबा बसवायचे. जुनी फळी हातात आली तेव्हा तिचा भुगा झाला. नवरा एकदा सपाटून आपटला आणि बाबा म्हणाले, "जावायबापू, ती भालेवाली बाय पन पयल्यांदा पडलेली." पाणी चढायला लागलं तसं दार घट्ट बसलं. आतल्या अंगाला एक थेंब आला नाही. बाबा तिथे हात लावून, कोरडा हात मला दाखवत उभे राहिले, आणि मला त्यांच्या तोंडावर जे दिसलं ते माझ्या हॉलमध्ये इतक्या संध्याकाळींत एकदाही दिसलं नव्हतं.

निघताना त्यांनी रिक्षातून आपली पिशवी काढून घेतली. ती त्यांनी बरोबर आणलीय, हे मी सकाळीच बघितलं होतं. मला खूप वाईट वाटत होतं, तरी मी तिचा सुटलेला बंद नीट बांधून दिला.

"तुझी ती भालेवाली बाय उभी हाय ना तिथं दाराशी?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"तिला काढू नको. बांधावर कोनतरी पायजे."

नवरा अजून म्हणतो की एकदाचा संपव तो गेम, बहीण मिळाली की मेली ते तरी कळू दे. मला ते कळलेलं नाही, आणि न कळताही माझं चाललंय. मी गोष्टवाली माणूस, हे मला स्वतःलाच नवल आहे. आमचं भांडण मात्र चालूच आहे.

उधाणाच्या दिवशी संध्याकाळी बाबांचा फोन येतो. जेवलीस का, जावाय बरे हायत का, आणि मग, "तुझी उघाडी बंद हाय ना?"

ती आपोआप उघडत नाही. मी बटण दाबल्याशिवाय जन्मात उघडणार नाही. पण मी त्यांना "थांब हं" म्हणते, फोन खांद्यात धरून गेम लावते, धुकं जरा सरेपर्यंत वाट बघते आणि नीट बघते. पलीकडे बाबा थांबलेले असतात. ते आत्ताच चिखलातून त्यांचं दार बघून आलेले असतात. मी न बघता कशी सांगू?

"बंद आहे बाबा," मी सांगते.

"माझी पन," ते म्हणतात.